तांदळाचे धुवण आणि केसांची गळती



आपला वऱ्हाड हा ज्वारी-तुरीचा मुलूख. तांदूळ यायचा तो भंडारा-गोंदियाकडून, आणि केस धुवायला शिकेकाई, रिठे नाहीतर काळी माती. पण गेल्या श्रावणात अकोल्याच्या जुन्या शहरात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी गेलो, तर आजीबाईंनी चहाआधीच विचारले, "साहेब, तांदुयाचं धुवन लावलं त पोरीचे केस गयनं थांबते काय?"

नात कॉलेजात जाणारी. वेणी निम्मी झालेली. घरात धास्ती होती ती शेगावची. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड वगैरे गावांत माणसांचे केस काही दिवसांतच झडून टक्कल पडले होते. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळल्याचे सांगण्यात आले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हाकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला लागते, पण कणभर. युरिया जास्त झाला की पीक करपते, तसेच हे.

आता धुवणाविषयी. चीनमधील हुआंगलुओ गावच्या याओ स्त्रिया तांदळाच्या आंबवलेल्या पाण्याने केस धुतात. जपानमध्येही जुन्या काळी अशी चाल होती. या पाण्यातील पिष्ट केसावर पातळ थर धरते. केस गुळगुळीत होतो, विंचरताना कमी तुटतो. एवढा गुण खरा. मात्र केसाचे मूळ कातडीच्या आत असते. धुवणाने नवे केस उगवतात, असे सिद्ध झालेले नाही.

करून पाहायचे तर असे करा. अर्धी वाटी तांदूळ घ्या. किडीसाठी आपण धान्याला बोरिक पावडर लावतो, म्हणून पहिली दोन धुवणे फेकून द्या. मग दोन वाट्या स्वच्छ पाण्यात तांदूळ अर्धा तास भिजवून पाणी गाळा. धुतलेल्या केसांवर दहा मिनिटे ठेवा आणि साध्या पाण्याने केस धुऊन टाका. आठवड्यातून एकदा पुरे. जास्त केल्यास केस राठ होतात. पाणी त्याच दिवशी वापरा, आपल्या उन्हाळ्यात ते लवकर आंबते. डोक्यात जखम, खाज किंवा पुरळ असेल तर लावू नका.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे नेहमीचेच. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते, आणि बहुधा आपोआप थांबते. पण गळती थांबत नसेल, चट्टे पडत असतील, किंवा एका गावात अनेकांचे केस जात असतील, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आजींना मी म्हणालो, "धुवण खुशाल लावा, पण आधी पोरीचे रक्त तपासा." तपासणीत हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. मुलगी सकाळी नुसत्या चहावर कॉलेजला जात होती. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि वर लिंबू असे जेवण धरले. चहा जेवणाबरोबर घ्यायचा नाही, कारण त्याने लोह अंगी लागत नाही.

संक्रांतीला गेलो, तेव्हा मुलीच्या कपाळाजवळ बारीक नवे केस दिसत होते. आजी म्हणाल्या, "धुवनाचाच गुन हाय."

मी तिळगूळ घेतला आणि म्हणालो, "असेल. पण गोळ्या चुकवू नका."