शिबिराच्या अर्जात सिकलसेलचा रकाना हवा

पावसाळा सरला की विद्यापीठात आणि महाविद्यालयांत सहलींचे, गिरिभ्रमणाचे बेत सुरू होतात. रामटेकचा गड, चिखलदरा, पचमढीचे धूपगड अशी नावे निघतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहस शिबिरासाठी निवड झालेली काही मुले थेट हिमालयात, मनालीपर्यंत जातात. लकडगंजच्या आरामशीनच्या भुशात, दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलामुलींनाही हे मिळायलाच हवे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' मोहिमेतून एव्हरेस्ट सर केले. डोंगर कोणा एका वर्गाची मिरास नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र या बेतांत एक गोष्ट सुटते. अर्जावर रक्तगट विचारतात, सिकलसेल विचारत नाहीत. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये घरोघरी माहीत आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले; २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. तरीही आजाराचे नाव आपण दबक्या आवाजातच घेतो.

वस्त्यांत तपासणीचे काम करताना आम्हाला दोन प्रकार दिसतात. काही घरांत 'मुलीचे लग्न जुळणार नाही' म्हणून रिपोर्ट पेटीत बंद होतो आणि मुलगी कोणाला न सांगता शिबिराला जाते. दुसरीकडे, एका महाविद्यालयात वाहक असल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलीचे नावच यादीतून काढले गेले. पहिल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात अन्याय आहे.

फरक समजून घेऊ. एएस म्हणजे वाहक. तो रुग्ण नव्हे. एसएस म्हणजे सिकलसेलग्रस्त. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, दमछाक झाली किंवा उंचावर हवा विरळ झाली, की एसएस रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. वाहकाला एरवी त्रास नसतो. पण अतिश्रम झाले तर त्याच्याही स्नायूंना इजा होऊ शकते, आणि जास्त उंचीवर प्लीहेला धोका संभवतो.

अमेरिकेत २००६ मध्ये राईस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू सरावानंतर दगावला. तो वाहक होता. त्यानंतर तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने खेळाडूंची तपासणी सुरू केली. वाहकांना खेळाबाहेर काढले नाही, सरावाची पद्धत बदलली. पाणी आणि विश्रांतीचे नियम पाळणाऱ्या अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये स्नायूंच्या इजेचे प्रमाण जास्त आढळले, मृत्यूचे मात्र नाही. म्हणजे काळजी घेतली तर वाट मोकळी आहे.

म्हणून विद्यापीठाकडे आमच्या मागण्या आहेत:

१. शिबिराच्या अर्जात सिकलसेलचा रकाना असावा. माहिती फक्त डॉक्टर किंवा परिचारिकेकडे राहावी आणि तिच्या आधारे कोणा वाहकाला वगळू नये.

२. एसएस विद्यार्थ्याचा निर्णय त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावा. त्याला उंचावर नेता येत नसेल, तर जवळच्या, सपाट वाटेच्या सहलीत त्याची जागा पक्की असावी.

३. पहिल्या दिवशी शर्यत नको. हळूहळू चढ, ठरावीक वेळाने पाणी आणि विसावा हा नियम सर्वांसाठी असावा. मग कोणी वेगळा पडणार नाही.

४. पाय, पाठ किंवा डाव्या बरगडीखाली दुखते म्हणणाऱ्याला 'नाटक करू नकोस' म्हणू नये. त्याला तिथेच थांबवावे, पाणी द्यावे, ऊब द्यावी, आणि दुखणे थांबले नाही तर लगेच खाली, दवाखान्यात न्यावे.

पालकांनो, सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका. एएस की एसएस हे पुढच्या तपासणीतच कळते. कार्ड लपवू नका, मुलांच्या हाती द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. लाज बाळगण्यासारखे यात काही नाही. मागून घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.