देखणी फिल्म, न छापलेला डोस

इंदूरच्या भंवरकुआं चौकातून खंडवा रोडला लागले की कोचिंगच्या पाट्यांची गर्दी ओसरते आणि देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर येतो. तिथल्या प्रयोगशाळांत पदार्थांवर क्ष-किरण सोडतात. मोजमाप नीट आले नाही तर आणखी वेळ सोडावेत. नमुना कुरकुरत नाही. सीटी स्कॅनच्या टेबलावर माणूस असतो, अडचण तिथून सुरू होते.

सीटीच्या चित्रात थोडा रवाळपणा असतोच. डोस निम्मा केला की तो सुमारे 1.4 पट वाढतो. म्हणजे गुळगुळीत चित्र केव्हाही मिळते, फक्त किंमत रुग्णाच्या अंगावर पडते. फिल्म देखणी असली की डॉक्टर खूश, नातेवाईक खूश. रवाळ असली की सेंटरच्या नावाने बोटे मोडायची. मग यंत्रावरचा हात सढळच राहणार! पण देखणेपणा म्हणजे गुणवत्ता नव्हे. फुफ्फुसात हवा आणि मांस यांतला फरक इतका ठळक, की रवाळ चित्रही चालते. यकृतातली बारीक गाठ मात्र भोवतालापासून जेमतेम वेगळी दिसते. तिथे हात आखडला तर गाठ निसटते, आणि दिलेला डोसही फुकट जातो.

मे 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने ते खोडून काढले: हा हिशेब जुन्या यंत्रांचा, आता पाच-दहा. स्वतःचा आकडा रिपोर्टवर शोधावा, तर तो सहसा छापलेलाच नसतो.

यंत्र तो दर वेळी दाखवते. समजा डोस 8 मिलिग्रे आणि स्कॅनची लांबी 35 सेंटिमीटर, गुणाकार 280. छातीसाठी त्याला 0.014 ने गुणले की साधारण 4 मिलिसिव्हर्ट. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळतातच. गरजेचा स्कॅन टाळावा असे यात काही नाही.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीचे, दर बांधले, ते यंत्राच्या स्लाइसच्या संख्येवर: 2000, 2500, 3000 रुपये. डोस छापण्याची अट त्याच कागदात बसली असती. यंत्राचा परवाना आणि तपासणी अणुऊर्जा नियामक परिषद पाहते. रुग्णाच्या हाती निदान आकडा तरी यावा.

आणि त्याशेजारी रुग्णाचा घेरही. कारण पडद्यावरचा तो 8 हा आकडा म्हणजे 32 सेंटिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याचा हिशेब आहे. भंवरकुआंच्या होस्टेलात मेसच्या जेवणावर वाळलेला पोरगा त्याहून बराच बारीक असतो. तेवढ्याच किरणांत त्याला 8 पेक्षा जास्त डोस मिळतो.