खिशातले पिस्तूल आणि घटकराज्यांची स्वायत्तता

डेलावेअर नदीच्या एका तीरावर पेनसिल्व्हेनिया, दुसऱ्या तीरावर न्यू जर्सी. २०१३ साली फिलाडेल्फियातील एक कृष्णवर्णीय, नोकरी करून मुले सांभाळणारी स्त्री मोटारीने न्यू जर्सीत गेली. पिस्तूल जवळ बाळगण्याचा पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना तिच्यापाशी होता. पोलिसाने गाडी अडवताच तिने आपण होऊन त्याची माहिती दिली. परंतु न्यू जर्सी इतर राज्यांचे परवाने मानत नाही. तिला अटक झाली, सक्तीच्या कारावासाची टांगती तलवार डोक्यावर आली. देशभर ओरड झाली तेव्हा कुठे शिक्षा टळली, आणि २०१५ साली गव्हर्नरने माफी दिली.

अमेरिकेत पिस्तूल लपवून बाळगण्याचा कायदा असा नदीगणिक बदलतो. व्हर्मॉन्ट राज्याने असला परवाना कधी काढलाच नाही. अलास्काने २००३ साली, टेक्ससने २०२१ साली परवान्याची अट काढून टाकली; आज ५० पैकी २९ राज्यांत ती उरलेली नाही. याच देशात न्यूयॉर्क राज्य मात्र १६ तासांचे शिक्षण आणि २ तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा सराव सक्तीचा करते.

या गोंधळाला ‘घटकराज्यांची स्वायत्तता’ असे भारदस्त नाव दिले जाते. विकेंद्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द सहज भुरळ घालतो. पण ही सत्ता खाली उतरून नेमकी कोणाच्या हाती गेली? १९५६ साली अलाबामातील माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला; स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्सचे तरुण उघड बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी करणाऱ्या विधेयकावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी तत्परतेने सही केली. (१८७८ च्या ज्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना लागे आणि युरोपियनाला सूट मिळे, त्याची आठवण आपल्याला यावी हे स्वाभाविक आहे.)

म्हणून न्यूयॉर्कच्या १९११ च्या कायद्यासाठी पुरोगाम्यांनी गाळलेले अश्रू मला अर्धेच पटतात. ‘योग्य कारण’ दाखवल्यावाचून परवाना नाही, ही त्याची अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. कारण योग्य की अयोग्य हे अधिकारी ठरवणार, आणि अधिकाऱ्याला कोणाचे कारण योग्य वाटते हे सांगायला अर्थशास्त्राच्या अध्यापकाची गरज नाही. गरिबांचे खटले चालवणाऱ्या न्यूयॉर्कमधील वकिलांच्या काही संघटनांनीच त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात निवेदन दिले होते.

यावरून काही मित्र निष्कर्ष काढतात की, मग कष्टकऱ्यांनाही पिस्तूल मिळू द्या, म्हणजे समता आली! हा निष्कर्ष भाबडा आहे. २०१६ साली मिनेसोटात रीतसर परवाना असलेल्या एका कृष्णवर्णीय शाळा-कर्मचाऱ्याने पोलिसाला जवळ शस्त्र असल्याचे सांगितले आणि क्षणार्धात तो गोळ्यांना बळी पडला. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला. २०२१ साली त्या देशात बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. परवाना उठवणे म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेची जबाबदारी शासनाने झटकून ती नागरिकाच्या कमरेला बांधणे होय. नफा मात्र कारखानदाराचा; गुन्ह्यात वापरलेल्या शस्त्राबद्दल भरपाईच्या बहुतेक दाव्यांपासून त्याला २००५ च्या केंद्रीय कायद्याचे कवच आहे.

मागणी करायची तर ती सर्व राज्यांना एकच, कडक आणि लेखी निकषांची केली पाहिजे: शिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीला शून्य वाव. भांडवलदारांचे कैवारी मात्र वेगळेच ऐक्य मागतात. डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३१ विरुद्ध १९८ मतांनी एक विधेयक संमत केले: एका राज्यात लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा असलेल्याला, जिथे असे परवाने मिळतात त्या प्रत्येक राज्यात ती असावी. वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकते, तसा सर्वांत सैल राज्याचा कायदा साऱ्यांवर लादला गेला असता. ते सिनेटमध्ये अडले. एरवी स्वायत्ततेचा जप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या दिवशी विधेयकाच्या बाजूने मत दिले होते.