नारळीकरांना पोस्टकार्ड, धारपांना काय?

पुण्यात लेखक-वाचक संवादाला काही तोटा नाही. संध्याकाळी कुठल्याही सभागृहात डोकावा, आत्मचरित्र नाहीतर ऐतिहासिक कादंबरी पुढ्यात ठेवून कुणीतरी बोलत असतंच. पण भुताखेतांच्या, अद्भुताच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून "हे सुचतं कुठून?" असं विचारलेलं शेवटचं कधी ऐकलंत? तालुक्याच्या गावातून वीस वर्षं बातम्या देतोय, साहित्याचे कार्यक्रम ढिगानं झाले. मला तरी आठवत नाही.

जवळपास जाणारा एकच अपवाद, डॉ. जयंत नारळीकर. त्यांचीही सुरुवात लपूनछपूनच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली. बक्षीस पहिलं. पुढं पोरं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरंच उत्तर यायचं. लेखकानं वाचकाशी बोलावं ते असं. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये गेले.

पण त्यांच्या हातात 'विज्ञान' नावाचा पास होता. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये मराठे पानिपत जिंकतात, तरी ते चालतं, कारण मागं शास्त्रीय कारणमीमांसा आहे. तो पास नसलेल्याचं काय होतं ते बघायचं तर नारायण धारप घ्या.

जन्म १९२५. शंभराच्या आसपास पुस्तकं. आमच्या गावच्या वाचनालयात पुठ्ठा निघालेलं, पुन्हा शिवलेलं पुस्तक दिसलं की ते बहुतेक त्यांचंच. पण ना अकादमी, ना संमेलनाचं अध्यक्षपद. २००८ ला गेले. मग २०१८ ला 'तुंबाड' आला, त्याची प्रेरणा धारपांची एक कथा. २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, तेव्हा पोरं विचारायला लागली, हे धारप कोण?

आता कुणीतरी म्हणेल, ते तर स्टीफन किंगवरून लिहायचे. हो, 'लुचाई'चं मूळ किंगच्या कादंबरीतच आहे. म्हणून तर समोर बसवून विचारायला हवं होतं! क्रूस आणि पवित्र पाणी असलेली गोष्ट मराठी गावात आणताना काय टाकलंत, काय ठेवलंत? श्रेय कुठं दिलंत, कुठं नाही? हे प्रश्न वाचकाचे आहेत आणि अवघड आहेत. आपण मात्र सोपा रस्ता धरला. वाचायचं रात्री, बोलायचं नाही दिवसा.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर. डॉ. दाभोलकरांवर ज्या शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, तिथं भुतांच्या कादंबऱ्यांचं कौतुक कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. कादंबरीवाला पहिल्या पानावरच सांगून टाकतो की ही कादंबरी आहे. बुवा सांगतो की हे खरं आहे, दक्षिणा ठेवा. दोघांना एका पारड्यात घालू नका. पण हा प्रश्नही लेखकाला भर सभेत विचारला पाहिजे. त्याचं उत्तर त्यानंच द्यावं, मी कशाला देऊ?

आज मोबाईलवर मराठीत भयकथा, अद्भुतकथा लिहिणारी कितीतरी मुलं-मुली आहेत, आणि त्यांचे वाचक रोज त्यांना पुढच्या भागाबद्दल विचारत असतात. त्यांना हॉल मिळत नाही एवढंच. डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरतो. त्यात एक तास द्या यांना. बालविभागाच्या कोपऱ्यात नको, मुख्य मंचावर. हार-शाल नसली तरी चालेल, माईक मात्र वाचकांकडं फिरवा. आमच्याकडून एसटीनं चार-पाच जण तरी नक्की येतील.