व्यायामशाळेत यंत्र आणावे की वजने?

माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या व्यायामशाळेसाठी निधी देऊ केला, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एकच विषय चालू आहे. या पैशांतून चेस्ट प्रेसचे मोठे यंत्र घ्यावे, की बारबेल, डंबेल्स आणि दोन बाक घ्यावेत? मुलांचा कौल उघड उघड यंत्राकडे आहे. म्हापशाच्या किंवा पणजीच्या जिममध्ये ते चकचकीत यंत्र त्यांनी पाहिलेले असते. काही विश्वस्तांनाही तेच बरे वाटते. यंत्र भक्कम दिसते, त्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते आणि उद्घाटनाला नारळ कुठे फोडायचा हा प्रश्नही सुटतो! आमचे मत मात्र वेगळे आहे आणि निर्णय होण्यापूर्वीच ते मांडलेले बरे.

यंत्राच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करू. चेस्ट प्रेसवर बसले की पाठीला टेकू मिळतो, मुठी ठरलेल्या वाटेनेच पुढे जातात आणि हात थकले तर वजन आपल्या खणात परत जाते, अंगावर येत नाही. बाकावर उताणे पडून बारबेल उचलताना तसे नसते. हात मध्येच थकले तर दांडी छातीवर किंवा गळ्यावर येते. एकट्याने हा व्यायाम करताना माणसे दगावलेलीही आहेत. तेव्हा पालकांची भीती निराधार नाही.

स्नायू वाढवण्यातही यंत्र कमी पडत नाही. अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून २०२३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात यंत्रावर आणि मोकळ्या वजनांवर स्नायूंची वाढ जवळपास सारखीच दिसली. ताकद मात्र ज्या साधनावर सराव केला, त्याच साधनावर जास्त वाढलेली आढळली. यंत्रावर सराव करणारा यंत्रावर पुढे गेला, वजने उचलणारा वजनांत.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आपल्या मुलांना ताकद कुठे लागते? काजूच्या हंगामात बोंडूंचा डबा उचलताना, भाताचे पोते खांद्यावर घेताना, शिगम्यात घोडेमोडणीला कमरेला घोडा बांधून, हातात तलवार धरून ढोलाच्या तालावर नाचताना. यांतले कोणतेही ओझे ठरलेल्या वाटेने सरकत नाही. ते डगमगते आणि सावरावे लागते. छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा स्नायू हे तिघेही यंत्रावर काम करतात, पण दांडी किंवा डंबेल सावरण्यासाठी खांद्याच्या बाजूच्या स्नायूलाही जास्त राबावे लागते. उद्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरायचे झाले, तरी वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग या दोन्ही खेळांत वजन मोकळेच असते.

दुसरा मुद्दा मापाचा. ही यंत्रे मोठ्या माणसांच्या अंगमापाने बनवलेली असतात. मुठी छातीच्या मध्यावर याव्यात असा नियम आहे. सातवीतला मुलगा बसला तर सगळ्यात वरच्या खाचेत बैठक लावूनही त्या त्याच्या गळ्याशी येण्याचा संभव असतो आणि मग ताण छातीऐवजी खांद्याच्या सांध्यावर पडतो. शिवाय यंत्रातल्या वजनाच्या पट्ट्या बहुधा ५-५ किलोंच्या असतात. १५ किलो ढकलणाऱ्या मुलाला पुढची पायरी एकदम २० किलोंची, म्हणजे तिपटीतला एक भाग वाढवून. बारबेलला दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा किलोची चकती लावली की वाढ अडीच किलोंचीच होते.

आणि साधा हिशेब करू. पीटीचा तास ३५ मिनिटांचा, वर्गात मुले ४०. यंत्र एक. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही, बाकीचे ३९ जण काय करणार हे शिक्षकांना विचारावे! त्याच तासात डंबेल्सच्या दहा जोड्या असल्या तर दहा मुले एकदम व्यायाम करतात आणि उरलेली जमिनीवर जोर काढू शकतात. जोर म्हणजे काहीतरी हलके-फुलके, असा मुलांचा समज आहे. मुले ज्याला पुशअप म्हणतात त्या साध्या जोरात शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ४५ किलोंची मुलगी एक जोर काढते तेव्हा ती जवळजवळ ३० किलो उचलत असते, आणि अंग सरळ राखण्यासाठी पोट व कंबर वेगळी राबतात ते निराळेच. गुडघे टेकून काढला तर भार निम्म्याच्या आसपास येतो, म्हणून नवख्यांना तिथून सुरुवात करता येते. जुने ते सोने म्हणून आम्ही हे सांगत नाही. पण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ते चेस्ट प्रेसशिवायच.

आपल्या हवेचाही विचार हवा. मांद्रे, मोरजी, हरमल ही गावे समुद्राला लागून. डिचोलीकडे खारा वारा नसला तरी चार महिने पाऊस आणि दमट हवा आहेच. यंत्रातली तार आणि पुली यांना नियमित तेल लागते, तार झिजली की बदलावी लागते, त्यासाठी शहरातून कारागीर बोलवावा लागतो. तोपर्यंत यंत्रावर चादर. उद्यानांतून बसवलेली खुली व्यायामयंत्रे पाहावीत. तिथल्या चेस्ट प्रेसमध्ये आपल्याच शरीराचा भार ढकलायचा असतो, तो कमी-जास्त करता येत नाही, म्हणून काही आठवड्यांत त्याचा उपयोग संपतो. पुढे दांडे गंजतात आणि लहान मुले त्यांचा झोपाळा करतात. लोखंडी चकतीही गंजते, पण तारेचा ब्रश आणि रंगाचा एक हात एवढ्यावर ती पुन्हा कामाची होते.

काही पालकांनी सुचवले की संध्याकाळी पालकांनाही व्यायामशाळा खुली ठेवावी. पन्नाशीतल्या, खांदा दुखणाऱ्या माणसाला यंत्र नक्कीच सोयीचे. पण निधी मुलांसाठी आला आहे.

वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही समजूत आता सोडून द्यावी. जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने असे होते, याला पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे. त्यातली अट आहे ती देखरेखीची, आणि आपला पैसा तिथे जायला हवा. पाचवी ते सातवीला फक्त जोर, बैठका आणि दोरीच्या उड्या. आठवीपासून २ ते ५ किलोंची डंबेल्स. बारबेल फक्त मोठ्या वर्गांना, तीही दोन्ही टोकांना एकेक जण उभा असेल तरच, आणि एरवी कुलपात, किल्ली क्रीडाशिक्षकांकडे. मुलींना आठवड्यातून दोन तास स्वतंत्र मिळावेत, नाहीतर मुलांच्या गर्दीत त्या दाराशीच उभ्या राहतील. उरलेल्या रकमेतून जाणत्या प्रशिक्षकाला आठवड्यातून काही तास बोलवावे आणि आपल्या क्रीडाशिक्षकांनाही प्रशिक्षणाला पाठवावे.

पुढच्या बैठकीत विश्वस्तांसमोर दरपत्रके येतील. त्या कागदावर यंत्राच्या किमतीशेजारी पाच वर्षांच्या देखभालीचा आणि प्रशिक्षकाच्या मानधनाचा रकानाही असावा, एवढी आमची विनंती आहे.