काळी जीभ आणि औषधांची चौकशी

प्रतिजैविकांचे दुष्परिणाम म्हटले की जुलाब, मळमळ आणि पुरळ यांचाच विचार प्रथम होतो. मुखातील परिणाम मात्र बहुधा नोंदीविना राहतात. मेट्रोनिडाझोलमुळे तोंडाला येणारी धातूसारखी चव दंतवैद्यांच्या परिचयाची आहे, पण रुग्णाला खरी धडकी भरते ती जिभेच्या मागील भागावर अचानक दिसणाऱ्या काळ्या, केसाळ थराने.

जिभेवरील सूत्राकार अंकुर, म्हणजे धाग्यासारखे बारीक उंचवटे, सामान्यतः सुमारे १ मिलिमीटर उंचीचे असतात. त्यांच्या टोकांवरील केराटिन हे कठीण प्रथिन वेळच्या वेळी झडले नाही, तर ते लांबत जाऊन क्वचित १२ मिलिमीटरपर्यंत पोहोचतात, आणि त्यांत अडकलेले अन्नकण, चहा-कॉफी व तंबाखूचे डाग तसेच रंगद्रव्य तयार करणारे जीवाणू यांमुळे थर काळा किंवा तपकिरी दिसू लागतो. प्रतिजैविकांनी मुखातील जीवाणूंचा समतोल बिघडला की या प्रक्रियेला वाव मिळतो, असे मानले जाते. मिश्री लावणाऱ्या किंवा तोंड कोरडे पडणाऱ्या रुग्णांत तर ती अधिकच सोपी होते.

या संदर्भात लिनेझोलिडकडे विशेष लक्ष द्यायला हवे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीत बेडाक्विलिन व प्रेटोमॅनिडसोबत हे औषध दिले जाते, आणि त्यामुळे जिभेचा रंग बदलल्याच्या, तसेच दातांवर व्यावसायिक स्वच्छतेने निघणारे वरवरचे डाग पडल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाने घाबरून गोळ्या सोडल्या, तर होणारे नुकसान जिभेच्या काळेपणाहून कितीतरी गंभीर असते. म्हणून दंतवैद्याने ते औषध परस्पर बंद न करता उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे, हेच योग्य.

निदानात घाई नको. बिस्मथयुक्त औषधे घेणाऱ्यांची जीभही काळी पडते, पण तेथे लाळेतील गंधकाशी संयोग होऊन बिस्मथ सल्फाइड बनलेले असते, आणि अंकुर लांबलेले नसतात. जिभेच्या कडेला असलेला, खरवडून न निघणारा पांढरा केसाळ चट्टा मात्र निराळा असतो. तो प्रतिकारशक्ती खालावल्याचे, विशेषतः एचआयव्ही संसर्गाचे, लक्षण असू शकतो. बुरशीचा पुरावा नसताना केवळ थर दिसतो म्हणून बुरशीरोधक औषध देण्याची प्रथाही सोडायला हवी, कारण मऊ ब्रशने किंवा टंग क्लीनरने जिभेची नियमित स्वच्छता, भरपूर पाणी आणि तंबाखूपासून दूर राहणे एवढ्यानेच हा थर बहुतेकदा निघून जातो.

रुग्णपत्रिकेत अलीकडे घेतलेल्या प्रतिजैविकांसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि संशयित दुष्परिणाम भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.