वजन उतरले, ओझे उरले



या वेळी सल्ला देण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे लग्न होते. मेहंदीच्या रात्री घर बायकामाणसांनी भरले होते. आमच्या थोरल्या भाभींनी कित्येक वर्षांनी आखूड बाह्यांचा कुर्ता घातला होता. एका खालांनी त्यांचा दंड चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "एवढं वजन उतरवलंस, मग हे काय लोंबतंय? त्यापेक्षा आधीच बरी होतीस की!" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. भाभी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, ओढणी घट्ट लपेटून बाहेर आल्या आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून वलीम्याला आल्याच नाहीत.

भाभींचे वजन 121 किलो होते. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, नमाज खुर्चीवर. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, त्या शस्त्रक्रियेला स्लीव्ह म्हणतात. दोन वर्षांत वजन 74 किलोवर आले. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. आता भाभी जानमाजवर सजदा करतात. घरात सगळ्यांनी अल्लाहचे शुक्र मानले. पण 47 किलो गेले, तेव्हा ते झाकणारी कातडी कुठे गेली असेल, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. भाभी मात्र रोज दिवा मालवून कपडे बदलत होत्या.

ही कातडी का लोंबते, ते आधी समजून घेऊ. त्वचेत तिला बळकटी आणि ताण देणारे तंतू असतात. शरीर वर्षानुवर्षे जाड राहिले की ते ताणले जातात, काही तुटतात. चरबी भराभर कमी झाली तरी त्वचा तेवढी आकसू शकत नाही. जितके वजन जास्त उतरले, लठ्ठपणा जितकी जास्त वर्षे होता आणि वय जितके जास्त, तितकी कातडी सैल राहण्याची शक्यता अधिक. धूम्रपान आणि उन्हाचाही परिणाम होतो. थोडक्यात, हा आळस नाही आणि शस्त्रक्रिया फसल्याची खूणही नाही. उलट वजन खरोखर उतरले, याचीच ती निशाणी आहे.

कोणतेही मलम किंवा तेल ही कातडी घालवू शकत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. व्यायामाने त्वचा आकसत नाही, पण खालचे स्नायू भरतात आणि अंग बांधेसूद दिसते. त्यासाठी प्रथिने लागतात. अशा रुग्णांना साधारणपणे दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅमच असतात, यावरून हिशेब करा. म्हणून ताटात आधी अंडे, मासे, कोंबडी, डाळ किंवा दही खायचे, भात-रोटी नंतर. दावतीत कुणी बिर्याणी दोनच घास खाल्ली तर "आमच्या हातचं आवडलं नाही का?" असे म्हणू नका. तिच्या जठरात जागाच तेवढी आहे.

दिसण्यापेक्षा मोठा त्रास घड्यांचा असतो. पोटाखाली, छातीखाली, मांड्यांमध्ये कातडीवर कातडी घासते, घाम साचतो, लाल पुरळ उठते, बुरशी धरते, वास येतो. इथे आपली तहारतची सवय मोठी मदत करते. फर्ज गुस्लमध्ये घड्यांखालीही पाणी पोहोचले पाहिजे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. त्यात फक्त एक गोष्ट जोडा. प्रत्येक घडी उचलून धुतल्यावर मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा. रगडू नका. घडीमध्ये स्वच्छ सुती कापडाची पट्टी ठेवा, आतले कपडे सुती वापरा. बाहेर जाताना नीट बसणारा आधाराचा पट्टा घातला की घासणे कमी होते. पुरळ चार-आठ दिवसांत गेली नाही, पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. लाजेपोटी दुकानातून मिळेल ते मलम आणून लावू नका. स्टेरॉइड असलेल्या मलमाने बुरशी आणखी पसरते.

हा प्रश्न फक्त बहिणींचा नाही. आमच्या ओळखीचे एक भाई वजन उतरल्यावर उमऱ्याला जायचे टाळत राहिले. एहराममध्ये उघडा खांदा आणि लोंबणारी छाती लोक पाहतील, ही धास्ती. अल्लाहच्या घरी कुणाचे लक्ष आपल्या छातीकडे असणार? पण मन ऐकत नाही. मांड्या घासण्याची त्यांची भीती मात्र खरी होती. त्यावर सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली हा साधा उपाय आहे.

आता शस्त्रक्रियेने कातडी काढण्याविषयी. ती होते, प्लास्टिक सर्जन करतात. पण घाई नको. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने जाऊ द्यावेत आणि वजन काही महिने एकाच ठिकाणी स्थिर असावे. पुढे मूल हवे असेल तर पोटाची कातडी काढणे बाळंतपणानंतर ठेवलेले बरे. सिगारेट, तंबाखू आणि मिसरीही आधी बंद करावी लागते. निकोटीनमुळे जखम लवकर भरत नाही. रक्त आणि प्रथिने कमी असतील तर तीही आधी भरून काढतात. या शस्त्रक्रियेत पोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत लांब व्रण राहतो. पाणी साचणे, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी असे धोकेही असतात. नुसते रूप बदलण्यासाठी विमा सहसा पैसे देत नाही. वारंवार जखमा होत असतील तर वैद्यकीय गरज म्हणून विचार होऊ शकतो, म्हणून पुरळीच्या उपचाराचे सर्व कागद जपून ठेवा.

"हे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ करणे नाही का?" असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आपल्या उलेमांनी त्रास, इजा किंवा व्यंग दूर करणे आणि केवळ हौसेखातर रूप बदलणे यांत फरक केला आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले, ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. 2007 साली मलेशियातील पुत्राजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही सौंदर्य शस्त्रक्रियेवर ठराव करताना हाच फरक लक्षात घेतला. तुमच्या बाबतीत काय लागू होते, हे डॉक्टरांचे कागद घेऊन आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारा. आमचे सांगणे एवढेच, की निर्णय त्रास पाहून घ्या, टोमणे ऐकून नव्हे. आणि ज्यांना ती कातडी तशीच ठेवायची आहे, त्यांनाही कुणी बळजबरी करू नये.

आता आमच्या कबुलीकडे येतो. सूरह हुजुरातमध्ये पुरुषांना आणि स्त्रियांना वेगवेगळे उल्लेखून एकमेकांची टर उडवण्यास मनाई केली आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिया (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा उल्लेख केला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले, की हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रालाही गढूळ करील. उंचीबद्दलच्या एका शब्दाचे हे वजन, तर दंड चिमटीत धरून सगळ्यांसमोर हसण्याचे किती?

अशा वेळी शौहरची जबाबदारी सर्वात मोठी. त्याने कातडीचा विषय काढू नये. तिने काढला तर "काही दिसत नाही" असे खोटेही बोलू नये. ऐकून घ्यावे, आणि आता ती न थांबता जिना चढते, हे बोलून दाखवावे. सासू-नणंदांनी वजनाची चौकशीच बंद करावी. तिच्या मनाला नवे शरीर ओळखायला वेळ लागतो. वजन उतरल्यावरही कित्येकांना आरशात जुनेच शरीर दिसते. मापाचे दोन-तीन कपडे शिवून घेतले तर त्यात मदत होते. पण ती जेवण टाळू लागली, मुद्दाम उलटी काढू लागली, घराबाहेर पडेनाशी झाली किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागली, तर तो नखरा नाही आणि इमानाची कमतरताही नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे.

वलीम्यानंतर आठवड्याने आम्ही भाभींच्या खोलीत जाऊन माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खालांचं एवढं लागलं नाही. तुम्ही हसलात, ते लागलं." आमच्याकडे उत्तर नव्हते.

कातडी काढायची की नाही, हे भाभींनी अजून ठरवलेले नाही. घाई नाही, असे त्या म्हणतात. पुढच्या महिन्यात घरात अकीका आहे. त्यांनी नवा कुर्ता शिवायला टाकला आहे. बाह्या किती लांब, ते आम्ही विचारलेले नाही.

अल्लाह आपणा सर्वांना सेहत देवो, आणि आपल्या जिभेपासून आपल्या माणसांना सुरक्षित ठेवो. आमीन.